पायाखालचा कीबोर्ड

वहिनींचा उजवा अंगठा दुखायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पट्टी बांधली, शेजाऱ्यांनी उपाय सुचवले आणि खटपटरावांनी प्रकल्प हाती घेतला. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी फारसं काही बिघडलं नाही.

खटपटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचे आणि घरी आले की जमिनीवरच्या वस्तू उघडायचे. दाराची बेल त्यांनी एकदा दुरुस्त केली होती. तेव्हापासून फ्रीज सुरू झाला की ती वाजायची आणि माणूस आला की गप्प बसायची. इमारतीतल्या लोकांनी हे नाव त्यांना तोंडावर आदराने आणि मागे हसून दिलं होतं, आणि त्यांनी ते फक्त आदराच्या बाजूने ऐकलं होतं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत तिला वहिनी म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू.

वहिनी एका सरकारी मंडळात टंकलेखिका होत्या. तिथे लोकांच्या तक्रारींच्या सुनावण्या चालायच्या, त्यांचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि ते कानाला हेडफोन लावून ऐकत शब्दन् शब्द टाईप करायचं हे त्यांचं काम. माणूस कुठे अडखळला, कुठे खोकला, कुठे वकिलाने त्याला बोलूच दिलं नाही, हे सगळं वहिनींच्या कागदावर जसंच्या तसं उतरायचं. त्यांच्या उताऱ्यात कधी चूक निघाली नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होतं. आता अडचण अशी, की रेकॉर्डिंग थांबवायचं तर माउस धरायचा, नाहीतर कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली एक कळ दाबायची. दोन्हीत हात जागचा हलायचा, अंगठा ताणला जायचा आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी यायचं. वेग कमी झाला. नव्याने आलेल्या अधीक्षकबाईंनी विभागाचा आढावा घेतला आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी चाचणी घेऊ. वेळेत उतारा झाला तर ठीक, नाहीतर तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या दालनात जागा रिकामी आहे.

त्या दालनात दिवसभर शिक्के मारायचे असत. तिथे गेलेलं माणूस परत वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"पायाने दाबायचं पेडल मिळतं म्हणे," वहिनी जेवताना म्हणाल्या. "पाय ठेवला की आवाज चालू, उचलला की बंद. हात जागचा हलवायलाच नको. भांडारात मागणी केली, तर ते म्हणाले पुढच्या वर्षीच्या यादीत घालतो."

खटपटरावांनी घास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती वहिनींनी लग्नानंतर अनेकदा पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी घरातलं काहीतरी एक कायमचं गेलं होतं.

"अगं, मी आहे ना," ते म्हणाले.

त्या जेवल्या नाहीत फारशा.

दुसऱ्या दिवशी खटपटराव कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिलाई मशीनचं एक जुनं पेडल घेऊन आले. शिंप्याने ते देताना तीनतीनदा विचारलं की मशीन कुठलं आहे, आणि मशीन नाहीच हे कळल्यावर त्याने पेडल परत मागितलं, पण तोवर खटपटराव रस्ता ओलांडून गेले होते. मग बाजारातून बोटभर लांबीचा एक इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड आला, यूएसबीची वायर आली, आणि जेवणाच्या टेबलावर वायरी जोडायचं झाळकाम सुरू झालं. टेबलावर एक गोल काळा डाग पडला. त्यावर फळांची टोपली ठेवण्यात आली आणि तो विषय घरापुरता संपला.

खरा जीव मात्र त्यांनी प्रोग्राममध्ये ओतला. खात्यातर्फे त्यांनी संध्याकाळचा संगणकाचा वर्ग केला होता, त्याचं चीज करायची ही पहिलीच संधी. पेडलवर पाय पडला की वायरीतून निरोप यायचा, प्रोग्राम तो थेट यूएसबीतून उचलायचा आणि रेकॉर्डिंग चालू करायचा. एवढ्यावर थांबतील तर ते खटपटराव कसले. प्रोग्राम उघडला की आधी निळा पडदा यायचा, त्यावर सोनेरी अक्षरांत 'पदचालक', खाली 'संकल्पना, रचना व निर्मिती' आणि त्याखाली त्यांचं ते संपूर्ण, आईवडिलांनी ठेवलेलं नाव. मागे थोडी सनईसुद्धा होती. वहिनींनी सनई काढायला लावली.

वरचे काका पाहायला आले. हे वरच्या मजल्यावर राहायचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, आणि वायर दिसली की तिच्यावर आपला हक्क आहे असं समजायचे.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," ते म्हणाले. "पण चालतंय की."

खरोखरच चालत होतं. वहिनींनी पाय ठेवला की बोलणारा बोलायचा, उचलला की जागच्या जागी गप्प व्हायचा. हात कळांवरून हललाच नाही. "दुखत नाहीये हो," वहिनी म्हणाल्या, आणि ते त्यांनी इतक्या हळू म्हटलं की खटपटरावांना एकदम काहीतरी झालं. ते उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. पुढचे काही दिवस वहिनी रोज टेबलाशी बसून सराव करत होत्या आणि खटपटराव शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्या नावाकडे बघत होते.

चाचणीच्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली आणि पेडल पिशवीत घालून वहिनींबरोबर त्यांच्या कार्यालयात गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली आणि दोन पावलं मागे सरकला. लोखंडी पेडल, त्याला चिकटपट्टीने गुंडाळलेला बोर्ड आणि बाहेर लोंबणारी वायर हे दृश्य, खरं सांगायचं तर, कुणालाही आवडण्यासारखं नव्हतं.

"हे काय आहे?"

"पायाने दाबायचं आहे," खटपटराव म्हणाले. "दाबून दाखवू?"

पहारेकऱ्याने दाबू नका असं बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. रांगेतली माणसं आपोआप पांगली. शेवटी वहिनींनी ओळखपत्र दाखवून, घरच्या माणसाबद्दल चारचौघांत बोलावं लागतं तसं थोडं बोलून प्रकरण मिटवलं. खटपटरावांना ते बोलणं ऐकू आलं नाही, पण पहारेकऱ्याने त्यांच्याकडे ज्या दयेने पाहिलं ती त्यांना दिवसभर टोचत राहिली.

वर पेडल जोडलं. निळा पडदा आला, सोनेरी अक्षरं आली, शेजारच्या दोघीतिघी बघायला जमल्या. खटपटरावांनी घसा साफ केला. आणि मग पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट उगवली. उपकरण उघडता येत नाही, परवानगी नाही, प्रशासकाचा पासवर्ड द्या.

आता इथे थोडं थांबायला हवं. खटपटराव कचेरीत कुणाचे साहेब नव्हते. घरात तर नव्हतेच. इमारतीच्या समितीवरही त्यांना कुणी घेतलं नव्हतं. आख्ख्या जगात ते प्रशासक होते ते फक्त घरच्या संगणकावर, आणि तिथे त्यांचा प्रोग्राम मागेल ते त्याला मिळत होतं. परवानगी नावाची काही गोष्ट असते हे त्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हतं. एखादा लाडावलेला मुलगा पहिल्यांदा शाळेत जावा आणि त्याने बाईंच्या खुर्चीत बसावं, तसं त्याचं झालं होतं.

"संगणक कक्षात विचारू," वहिनी म्हणाल्या. जमलेल्या बायका आपापल्या जागी गेल्या, त्यातली एक तोंडावर हात ठेवून.

संगणक कक्षाच्या प्रमुखांना सगळं कार्यालय कुलूपवाले म्हणायचं. कुणीही काहीही मागायला गेलं की ते शांतपणे सांगायचे, "ते लॉक आहे." माणूस वाईट नव्हता. फक्त उघडणं हे आपल्या कामात येतं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"यूएसबीतून थेट वाचणारा प्रोग्राम? ते लॉक आहे."

"मग उघडा ना," खटपटराव म्हणाले.

"अधीक्षकबाईंची परवानगी आणा."

अधीक्षकबाई म्हणाल्या, की उपकरण सुरक्षित आहे असं संगणक कक्षाने कळवलं तर त्या परवानगी देतील. कुलूपवाले म्हणाले, की सुरक्षित आहे का हे जोडून बघितल्याशिवाय कसं कळणार, आणि परवानगी असल्याशिवाय जोडणार कसं. खटपटराव परत अधीक्षकबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, कुलूपवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. खटपटराव परत खाली आले. कुलूपवाले म्हणाले, बाईंचंही बरोबरच आहे. दोघंही एकमेकांबद्दल इतकं चांगलं बोलत होते की खटपटरावांना दोघांत आपणच एकटे चुकीचे आहोत असं वाटायला लागलं. जिन्यात त्यांना धाप लागली. शुक्रवार जवळ येत होता आणि वहिनी पट्टी बांधलेल्या हाताने, दात ओठांत रोवून, नेहमीचं काम करत होत्या.

त्या संध्याकाळी वरच्या काकांनी सल्ला दिला. "परवानगी मागायचीच कशाला? पासवर्ड काय, माणसाने ठेवलेला असतो. माणूस ओळखला की झालं. आमच्या वेळी मी साहेबांच्या कपाटाचं कुलूप असंच उघडलं होतं."

"मग पुढे काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"बदली झाली," काका म्हणाले. पण खटपटरावांनी तेवढा भाग मनावर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी अधीक्षकबाईंकडे गेलेल्या असताना खटपटराव वहिनींच्या खुर्चीत बसले आणि ती करडी चौकट उघडून त्यांनी माणूस ओळखायला सुरुवात केली. कुलूपवाल्यांचं आडनाव घालून पाहिलं. मंडळाचं नाव घातलं. 'कुलूप' घातलं. मग उलट्या क्रमाने 'कुलूप' घातलं. वहिनी परत येताना दिसल्या तेव्हा ते 'किल्ली'पर्यंत पोचले होते.

चौकट म्हणाली, प्रशासकाचं खातं बंद करण्यात आलं आहे.

आणि ते खातं त्या एका यंत्रावर बंद झालं नव्हतं, सगळ्या कार्यालयात झालं होतं. थोड्याच वेळात कुलूपवाले आपल्या कक्षाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना स्वतःच्याच संगणकाने आत घेतलं नव्हतं. आयुष्यात प्रथमच त्यांना कुणीतरी लॉक आहे असं सांगितलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. प्रिंटर अडला, हजेरीचं यंत्र अडलं, आणि हा प्रकार कुठल्या टेबलावरून झाला हे शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही.

अधीक्षकबाई ओरडल्या नाहीत. त्या फक्त वहिनींच्या टेबलाशी आल्या. "तुमच्या खुर्चीत बसून तुमचे मिस्टर पासवर्ड शोधत होते, असं मी वर कळवलं तर काय होईल हे तुम्हाला माहीत आहे."

"हो बाई," वहिनी म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी कळवत नाही. तुमचं आजवरचं काम बघून कळवत नाही. पण शुक्रवारची चाचणी होणार. आणि ज्याला परवानगी लागते असं काहीही त्या संगणकाला जोडायचं नाही. कळलं?"

खटपटराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांना पायांखालची फरशी फार स्वच्छ आहे असं उगाच वाटत राहिलं.

घरी येताना वहिनी दोन पावलं पुढे चालत होत्या. त्यांनी दार उघडलं, पर्स खुंटीला लावली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या चिडल्या असत्या तर खटपटरावांना बरं वाटलं असतं. आपण हिला मदत करायला गेलो आणि हिची खुर्ची आपणच ओढली, हे त्यांना इतकं स्पष्ट दिसत होतं की नजर कुठे ठेवावी ते कळेना.

"चहा करू?" त्यांनी विचारलं.

"मागे माझ्या कीबोर्डवर चहा सांडला होता," वहिनी एकदम म्हणाल्या. "शिपायाने भांडारातून दुसरा आणला, लावला, चालू झाला. कुलूपवाले जागचे हललेसुद्धा नाहीत. अर्ज नाही, पासवर्ड नाही, काही नाही. तुमच्याच त्या पेडलला एवढा मान कसला हवा हो?"

खटपटराव चहाचं भांडं हातात घेऊन तसेच उभे राहिले.

वर्गात शिकवलेलं त्यांना आठवलं, फक्त उशिरा. यूएसबीत काहीही खुपसलं की ते आधी संगणकाला स्वतःची ओळख सांगतं. कीबोर्ड म्हणतो, मी कीबोर्ड. संगणक म्हणतो, ये बस. अशी रोजच्या ओळखीची मंडळी असतात, त्यांना कुणी अडवत नाही. खटपटरावांचं पेडल मात्र त्यांनीच शिकवल्याप्रमाणे सांगत होतं, की मी एक विशेष उपकरण आहे, माझ्याशी थेट बोलायला माझा खास प्रोग्राम आहे, आणि मला खटपटरावांनी बनवलंय. एवढं ऐकल्यावर कुठलाही शहाणा संगणक साहेबांना बोलवा म्हणणारच.

"त्याला कीबोर्ड करता येईल," ते सावकाश म्हणाले. "एकाच कळीचा कीबोर्ड. तुमच्या तिथे रेकॉर्डिंग चालू-बंद करायची ती कोपऱ्यातली कळ आहे ना, तेवढीच एक. पाय ठेवला की ती कळ एकदा दाबल्यासारखं होईल, म्हणजे आवाज चालू. पाय उचलला की परत एकदा, म्हणजे बंद. परवानगी कशालाच लागणार नाही."

"आणि तुमचा तो प्रोग्राम?"

"तो लागणार नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. निळ्या पडद्यावर खटपटरावांनी किती दिवस घालवले होते हे वहिनींना ठाऊक होतं. "राहू द्या हवं तर," त्या म्हणाल्या. "शिक्के मारायला अंगठा लागत नाही फारसा."

खटपटरावांनी भांडं खाली ठेवलं आणि टेबलावरून फळांची टोपली उचलली. काळा डाग पुन्हा उघडा पडला. बोर्डावरचं जुनं सगळं पुसताना संगणकाने विचारलं, नक्की पुसायचं का. त्यांनी हो म्हटलं. नवं लिहायला फार थोडा वेळ लागला, आणि याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

शुक्रवारी ते वहिनींच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसले होते. मधे काच होती. आत वहिनी, त्यांच्या मागे अधीक्षकबाई, आणि दाराशी हाताची घडी घालून कुलूपवाले. चाचणीसाठी दोन शेजाऱ्यांच्या भांडणाचं रेकॉर्डिंग निवडलं होतं. गच्चीवरच्या टाकीतून कुणाच्या भिंतीत पाणी मुरतं यावर दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि एकालाही श्वास घ्यायची गरज वाटत नव्हती.

"करा सुरू," अधीक्षकबाई म्हणाल्या.

आणि खटपटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनींचा पाय दचकून पेडलवर पडला, पण रेकॉर्डिंग अजून उघडलंच नव्हतं. ती पहिली कळ वाऱ्यावर गेली. मग रेकॉर्डिंग उघडलं, वहिनींनी पाय उचलला, आणि कळ दुसऱ्यांदा दाबली गेली. पण रेकॉर्डिंगच्या दृष्टीने ती पहिलीच. म्हणजे पाय वर असताना आवाज चालू झाला. आता पाय ठेवला की बंद. कळ बिचारी एकच, ती चालू असेल तर बंद करते आणि बंद असेल तर चालू. तिला वरचा पाय आणि खालचा पाय यातलं काय कळणार. सगळं उलटं झालं होतं.

काचेतून त्यांना दिसलं. वहिनींनी पाय दाबला आणि बोटं हवेत थांबली. पाय उचलला आणि त्या दचकल्या. पुन्हा दाबला. कपाळावर आठी.

उपाय साधा होता. कीबोर्डवरची ती कोपऱ्यातली कळ हाताने एकदा दाबायची, सगळं सुलटं. खटपटराव उभे राहिले आणि त्यांनी एक बोट वर केलं. मग त्या बोटाने हवेत कळ दाबली. मग पाय वर, पाय खाली, मग डोक्यावरून हात उलटा फिरवला. बाकावरचा एक तक्रारदार उठून पलीकडे जाऊन बसला. अधीक्षकबाईंनी मान वळवून हा सगळा कार्यक्रम शांतपणे पाहिला आणि काचेवरचा पडदा ओढून घेतला.

आता आतलं काही दिसत नव्हतं. खटपटराव बसले, उठले, पुन्हा बसले. आत बायकोची खुर्ची चालली आहे आणि ती आपल्या हातच्या वस्तूने चालली आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. बाजारचं पेडल कुणाकडून उसनं आणलं असतं. आपणच तिच्या शेजारी बसून कळ दाबली असती. काहीही केलं असतं तरी याहून बरं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपल्याला हाताने काही करताच आलं नसतं तर फार बरं झालं असतं.

पडद्यामागून कळांचा आवाज यायला लागला. आधी तुटक आला. मग थांबला. मग पुन्हा सुरू झाला तो सलग, एकसारखा, घरी टेबलाशी बसून ऐकलेला तोच. खटपटरावांनी श्वास रोखला तो आवाज संपेपर्यंत बहुतेक सोडलाच नाही.

दार उघडलं. अधीक्षकबाईंच्या हातात कागद होते आणि त्या अजून वाचत होत्या. "इथे यात 'खोकतो' लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"खोकलाय तो, बाई," वहिनी आतून म्हणाल्या. "भिंतीचा विषय निघाला की खोकतो."

अधीक्षकबाईंनी शेवटचा कागद उलटला. वेळेत होतं. चूक नव्हती. "ठीक आहे. तुमची जागा हीच," त्या म्हणाल्या. वहिनींनी डोळे पुसले ते पट्टी बांधलेल्या हाताने, आणि ते लपवलं नाही. मग बाई खाली वाकल्या. "आता मला सांगा, हे पायाखाली काय आहे?"

कुलूपवाले पुढे झाले, त्यांनी संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं. "कीबोर्ड आहे," ते म्हणाले.

"पायाखाली?"

"मशीन म्हणतंय कीबोर्ड आहे. कीबोर्डला परवानगी लागत नाही." हे शेवटचं वाक्य उच्चारताना त्यांना त्रास झाला.

अधीक्षकबाईंनी चिकटपट्टीकडे पाहिलं, झाळलेल्या टोकांकडे पाहिलं, मग दारातून बाहेर, बाकाकडे. "घरी बनवलेलं असेल, तर मला फाईल उघडावी लागेल. चौकशी होईल, आणि ती संपेपर्यंत हे जप्त. कुणी बनवलंय हे?"

खटपटराव उभे राहिले. एवढ्या वर्षांत कुठल्याही मोठ्या माणसाने त्यांच्या कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवून हा प्रश्न विचारला नव्हता. आज विचारला होता, तो चालू असलेल्या वस्तूबद्दल, भरल्या दालनात. आतून वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

"मला यातलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. "मी हिचं मलम द्यायला आलो होतो."

"मगाशी हातवारे करत होता ते?"

"मलम कसं लावायचं ते सांगत होतो."

परवानगीसाठी जिने चढणारा हाच माणूस अधीक्षकबाईंना चांगला आठवत होता. "द्या मग मलम," त्या म्हणाल्या, आणि कुलूपवाल्यांना घेऊन निघून गेल्या. खटपटरावांच्या खिशात मलम नव्हतं, एक पेचकस होता.

वहिनी बाहेर आल्या. "पेडल उलटं झालं होतं," खटपटराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "चूक माझीच. घरी गेल्यावर नीट करतो."

"उलटं कुठे? चालताना पाय उचलला की आपण पुढे जातो आणि टेकला की थांबतो, तसं धरलं मी. मग जमलं. आता हेच राहू द्या." त्यांनी हातावरची पट्टी नीट केली. "तुमचं नाव घेता आलं नाही मला. घ्यायचं होतं."

"असू दे गं," ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्या सदऱ्यावरचा चिकटपट्टीचा तुकडा काढून टाकला आणि त्या आपल्या जागेवर कामाला गेल्या.

खटपटराव जिन्याकडे वळले, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. त्या दिवशी तोंडावर हात ठेवून गेलेल्या त्याच टंकलेखिका बाई होत्या. वहिनींहून वयाने मोठ्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि साडीच्या पदराआड धरलेला आपला हात किंचित पुढे केला. मनगट सुजलेलं होतं. "मी कुणाला सांगितलं नाहीये अजून," त्या म्हणाल्या. "पुढची चाचणी माझी आहे. तुम्हाला यातलं काही कळत नाही, ते ऐकलं मी. पण असा कीबोर्ड कुठे मिळतो, तेवढं माहीत आहे का?"

खटपटरावांनी दालनाकडे पाहिलं. पडदा ओढलेलाच होता. कुलूपवाले दिसत नव्हते. त्यांनी जिन्याच्या कठड्याला टेकून आवाज अगदी खाली आणला.

"डावा पाय वापरता की उजवा?"